हिवाळ्यातील म्हादई : उस्ते ते सोनाळ, नदीकाठचा एक दिवस

डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचे आठ-नऊ आठवडे हा सत्तरी तालुक्यात म्हादईच्या काठाने पायी चालण्याचा काळ होय. त्याआधी पात्रातील पाणी पुरेसे उतरलेले नसते. त्यानंतर उघड्या कातळावरचे दुपारचे ऊन सोसवत नाही. या मधल्या दिवसांत पहाटे नदीवर धुके असते, दुपारीही सावलीत गारवा टिकतो आणि पावसाळाभर पाण्याखाली गेलेले खडक, वाळूचे पट्टे व कोंड स्पष्ट दिसू लागतात. वाळपईच्या परिसरातील तरुणांचे गट, पणजी-फोंड्याकडून येणारी मित्रमंडळी आणि अलीकडे बेळगाव-खानापूरकडील पदभ्रमणप्रेमी या काळात एखादा रविवार नदीसाठी राखून ठेवतात. त्यांतील बहुतेकांना उस्ते ते सोनाळ हा टप्पा सोयीचा वाटतो.

पावसाळ्यात याच टप्प्यावर रबरी तराफ्यांतून राफ्टिंग चालते. उस्ते येथून निघालेला तराफा फेसाळत्या प्रवाहातून सुमारे दहा किलोमीटर अंतर कापून सोनाळकडे पोहोचतो. जुलैमध्ये ज्या खडकांवरून तराफे उसळत जातात, त्याच खडकांवर जानेवारीत बसून शिदोरी सोडता येते. दोन्ही ऋतूंत ही नदी पाहिलेल्याला ती एकच आहे हे मान्य करायला थोडा वेळ लागतो.

म्हादईचा उगम बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात, भीमगडच्या जंगलात देगाव परिसरात आहे. घाटमाथ्यावरून खाली उतरून ती सत्तरीत येते, पुढे मांडवी हे नाव धारण करते आणि पणजीजवळ अरबी समुद्राला मिळते. याच खानापूर तालुक्यात कणकुंबीला मलप्रभेचा उगम आहे. मलप्रभा पूर्वेकडे वाहते, कूडलसंगम येथे कृष्णेला मिळते आणि तिचे पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात जाते. एकाच घाटमाथ्यावर पडणारा पाऊस काही अंतराच्या फरकाने दोन समुद्रांच्या दिशेने वाटला जातो. दोन राज्यांतील वादाचे मूळ याच भूगोलात आहे. तो वाद वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आकड्यांच्या रूपाने येतो. नदीकाठी चालणाऱ्याला तो वेगळ्या रूपात दिसतो, त्याविषयी पुढे.

निघण्यापूर्वी

या मार्गावर आखून दिलेली पर्यटनवाट नाही. काही ठिकाणी गुरांच्या वाटा आहेत, काही ठिकाणी कुळागरांच्या कडेने जावे लागते आणि बऱ्याचदा सरळ पात्रातील धोंड्यांवरूनच चालावे लागते. सपाट रस्त्यावर दहा किलोमीटर दोन-अडीच तासांत संपतात. नदीच्या पात्रात तेवढ्याच अंतराला सहा ते सात तास धरावे लागतात. धोंड्यांवरून तासाला दीड-दोन किलोमीटरपेक्षा अधिक वेग ठेवणारा माणूस बहुधा दुपारपर्यंत घोटा मुरगळून बसतो.

डिसेंबरच्या अखेरीस गोव्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सव्वासहाच्या आत मावळतो. दोन्ही बाजूंनी डोंगर असलेल्या दरीत उजेड त्याहून लवकर कमी होतो. म्हणून सकाळी आठपूर्वी पात्रात उतरणे आणि चारपर्यंत रस्त्याला लागणे हे या चालीचे वेळापत्रक. पणजीहून वाळपई चाळीसेक किलोमीटर. तिथपर्यंत कदंब महामंडळाच्या बसगाड्या येतात. मात्र आतल्या गावांच्या फेऱ्या मोजक्या असल्याने एक वाहन सोनाळच्या बाजूला आधीच नेऊन ठेवण्याची पद्धत मित्रमंडळींत रूढ आहे. ज्या गटाने ही तसदी घेतली नाही, त्याला दिवसभराच्या चालीनंतर अंधारात रस्त्याने पुन्हा तेवढेच अंतर तुडवावे लागल्याच्या हकिगती कमी नाहीत.

म्हादई वन्यजीव अभयारण्य १९९९ साली घोषित झाले. त्याचे क्षेत्र २०८.४८ चौरस किलोमीटर आहे आणि नदीकाठची अनेक गावे त्याच्या हद्दीत वा हद्दीला लागून आहेत. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार अभयारण्यात प्रवेशासाठी परवानगी आवश्यक असते. आपली चाल हद्दीच्या आत येते की बाहेर, हे नकाशा पाहून स्वतःच ठरवण्याऐवजी वन खात्याच्या स्थानिक कार्यालयात आधी विचारून घेणे योग्य. २०२० च्या जानेवारीत गोळावली येथे एक वाघीण व तिचे तीन बछडे मृतावस्थेत सापडले, आणि मार्च २०२३ मध्ये अभयारण्यात ठिकठिकाणी वणवे लागले. या दोन घटनांनंतर जंगलात फिरणाऱ्या अनोळखी लोकांकडे यंत्रणा आणि गावकरी दोघेही अधिक बारकाईने पाहतात, आणि ते स्वाभाविकच आहे. जुलै २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने हे क्षेत्र व्याघ्र प्रकल्प म्हणून अधिसूचित करण्याचा आदेश दिला. राज्य सरकारने त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले.

गावातील एखादा जाणकार सोबत असणे हे सर्वांत मोलाचे. कोणत्या कोंडात तळ लागत नाही, कोणता उतार डिसेंबरात ओलांडता येतो आणि कोणता जानेवारीपर्यंत थांबल्याशिवाय नाही, ही माहिती कोणत्याही नकाशावर नसते. त्याच्या दिवसाचे पैसे आधी ठरवून द्यावेत. ‘आमचेच पाहुणे’ म्हणून तो नाही म्हणाला, तरीही द्यावेत.

पात्रातील वाचन

पहिला तासभर नजर पायांवरच असते. नंतर पाय सरावतात आणि डोके वर होते, तेव्हा प्रथम लक्षात येते ती पुराची खूण. काठच्या झाडांच्या फांद्यांवर, माणसाच्या डोक्याच्या बरीच वर, सुकलेले गवत, काटक्या आणि प्लास्टिकच्या चिंध्या अडकलेल्या असतात. पावसाळ्यातील पाणी तिथपर्यंत चढले होते. जुलै २०२१ च्या पुराने सत्तरीतील कित्येक घरे व बागायती उद्ध्वस्त केल्या. तो पूर अनुभवलेल्या गावांत अशा खुणा दाखवून सांगणारी माणसे आजही भेटतात. चालणाऱ्या गटात एखादा नवखा असला तर तो हमखास विचारतो की एवढे पाणी गेले कुठे. उत्तर सोपे आहे : समुद्रात. खरा विचारण्याजोगा प्रश्न उलट आहे. पाऊस थांबून तीन महिने झाल्यावरही हे एवढे पाणी येते कुठून?

गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. घाटाच्या पायथ्याला वाळपईकडे त्याहून अधिक. त्यातील नव्वद टक्क्यांच्या जवळपास जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. म्हणजे जानेवारीत म्हादईत वाहणारे पाणी पावसाचे थेट पाणी नव्हे. ते घाटमाथ्यावरचे जंगल, पालापाचोळ्याचा थर, जांभ्याचे सडे आणि त्यांखालील भेगाळलेला खडक यांनी चार महिने धरून ठेवलेले आणि आता थेंबाथेंबाने सोडलेले पाणी असते. काठाने चालताना याचा पुरावा पावलोपावली मिळतो. डोंगराच्या बाजूने येणारा एखादा लहानसा व्हाळ, कातळाच्या चिरेतून पाझरणारी ओल, हिरव्या शेवाळाचा एक पट्टा, आणि त्याखाली बोटभर जाडीची धार. अशा शेकडो धारांची बेरीज म्हणजे हिवाळ्यातील म्हादई. ज्या उतारावरची झाडे तोडली गेली आहेत तिथला व्हाळ डिसेंबरातच कोरडा असतो; शेजारच्या दाट रानातला मात्र वाहत असतो. हा फरक दाखवायला कोणतेही उपकरण लागत नाही. चालत गेलेला माणूस तो एका दिवसात मोजू शकतो, आणि काही गट तो खरोखरच मोजतात : वाटेत लागलेले वाहते व्हाळ किती, कोरडे किती, याची नोंद दरवर्षी त्याच आठवड्यात वहीत करून ठेवतात. शाळा-महाविद्यालयांनी हा उपक्रम उचलावा इतका तो साधा व उपयुक्त आहे.

पात्रातील दगडही पाहण्यासारखे. घाटमाथ्याच्या बाजूला दख्खनच्या बेसाल्टचा थर आहे, तर सत्तरीचा पायथा त्याहून पुष्कळ प्राचीन अशा रूपांतरित खडकांचा आहे. भूशास्त्रज्ञांनी या खडकांच्या एका गटाला येथल्याच वाघेरी डोंगराचे नाव दिले आहे. काळे गुळगुळीत गोटे, पानांसारखे थर असलेल्या करड्या शिळा आणि मधूनच गारगोटीच्या पांढऱ्या रेघा एकाच वाळवंटावर शेजारी शेजारी पडलेल्या असतात. उघड्या कातळात काही ठिकाणी रांजणखळगे दिसतात. पुराच्या भोवऱ्यात सापडलेले गोटे वर्षानुवर्षे एकाच जागी फिरत राहतात आणि खडकात गोल खड्डा कोरतात. कधी कधी तो गोटा खड्ड्याच्या तळाशी अजून असतो.

वनस्पतींत पात्रातच वाढणारी शेरणी लक्ष वेधते. कंबरभर उंचीचे हे झुडूप मुळांनी खडकाच्या फटी घट्ट धरते आणि पुरात मोडण्याऐवजी वाकते. हिवाळ्यात पाहिले तर त्याच्या सगळ्या फांद्या प्रवाहाच्या दिशेने झुकलेल्या दिसतात. काठाला करंज, जांभूळ, उंबर. थोडे वर गेल्यावर मगरीच्या पाठीसारख्या भेगाळ सालीचा ऐन. येथे त्याला माट्टी म्हणतात. त्याच्या काही झाडांच्या खोडांत कोरड्या दिवसांत पाणी साठलेले असते, हे रानात वावरणाऱ्यांना पूर्वापार माहीत आहे.

पक्ष्यांसाठी सकाळचे पहिले दोन तास महत्त्वाचे. हिमालयाकडून आलेला करडा धोबी शेपटी हलवत धोंड्याधोंड्यांवरून पुढे पुढे पळतो आणि बराच वेळ गटाचा वाटाड्या असल्यासारखा वागतो. पावसाळ्यात माणसासारखी शीळ घालणारा कस्तूर या दिवसांत बहुधा अबोल असतो. फक्त दचकला की एक तीक्ष्ण हाक देऊन निळाईचा झोत सोडून जातो. मोठ्या लाल चोचीचा खंड्या, आकाशातून पंखांचा घोंघाट करत जाणारे धनेश आणि झाडांच्या शेंड्यांवर शेकरू हे बोलणे थांबवलेल्या गटाला दिसतात, गप्पा मारत जाणाऱ्याला नाही. ओल्या वाळूवर पाणमांजराचे ठसे आणि माशांचे काटे-खवले असलेली विष्ठा सापडण्याची शक्यता बरीच असते, प्रत्यक्ष पाणमांजर दिसण्याची कमी. गव्याचा ताजा माग दिसला तर गटाने आवाज करत, वळसा घेऊन पुढे जावे. एकट्या नराच्या जवळ जाऊन छायाचित्र काढण्याचा मोह आवरावा.

माणसांची नदी

म्हादईचा हा काठ निर्मनुष्य नाही आणि तो तसा समजून वागणे ही चालणाऱ्यांची नेहमीची चूक. पाणी ओसरले की काही गावांत नदीच्या पात्रातच ‘पुरण शेती’ होत असे. दगडमातीचे बांध घालून गावकरी एकत्रितपणे प्रवाह वळवीत, गाळाच्या जागेवर भात लावीत आणि पावसाळ्यापूर्वी पीक काढीत. नदीच्या चढउताराचे सूक्ष्म ज्ञान आणि गावाचे सहकार्य यांवर उभी असलेली ही पद्धत आता क्वचितच पाहायला मिळते. पात्रात जुन्या बांधासारखी दगडांची रांग दिसली, तर ती पुराने लावलेली आहे असे गृहीत धरू नये.

म्हादई ही येथल्या लोकांसाठी देवताही आहे. सत्तरीत नौकेत उभ्या असलेल्या देवीची जुनी पाषाणशिल्पे आढळतात. आज जिथे गुडघाभर पाणी आहे तिथे एके काळी होडीने दळणवळण चालत असावे, असा त्यावरून अभ्यासकांचा कयास आहे. देवराई लागली की पादत्राणे काढण्याचा किंवा आत न जाण्याचा नियम गावागणिक बदलतो, म्हणून आधी विचारावे. पौष महिन्यात चांदण्या रात्री बायकांचे धालो रंगतात; त्यांचा मांड ही पवित्र जागा आहे. दुपारी मोकळी दिसली म्हणून तिथे जेवायला बसणाऱ्या पाहुण्यांना गावकरी बोलत नाहीत, पण विसरतही नाहीत. वेळ उरला तर वाळपईजवळच्या नाणूस किल्ल्याची जागा पाहता येते. १८५२ साली दीपाजी राणे यांनी पोर्तुगीज सत्तेविरुद्ध केलेल्या बंडाशी तिचे नाव जोडलेले आहे.

दाबोसच्या जलशुद्धीकरण प्रकल्पातून सत्तरीला नळाने मिळणारे पाणी याच नदीचे. खाली गांजे येथे केंद्रीय जल आयोगाचे मोजणी केंद्र आहे. तिथपर्यंत, म्हणजे मुखापासून सुमारे पन्नास किलोमीटर आतपर्यंत, समुद्राच्या भरतीचा प्रभाव पोहोचतो. हिवाळ्यात वरून येणारे गोडे पाणी जसजसे घटते तसतसे खारे पाणी मांडवीत आत सरकते. म्हणजे उस्त्याच्या धोंड्यांमधून जानेवारीत किती पाणी वाहते यावर दिवाडी-चोडणपर्यंतच्या खाजनांचे आणि मासळीचे गणित थोडेफार अवलंबून असते.

येथे तो वाद चालणाऱ्याच्या पायाशी येतो. न्यायमूर्ती जे. एम. पांचाळ यांच्या अध्यक्षतेखालील म्हादई जलतंटा लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी दिलेल्या निवाड्यात कर्नाटकाला १३.४२, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी पाणी दिले. कर्नाटकाच्या वाट्यातील ८.०२ टीएमसी जलविद्युतसाठी असून ३.९ टीएमसी मलप्रभेच्या खोऱ्यात वळवण्यासाठी आहे : कळसा प्रवाहातून १.७२ आणि भांडुरा प्रवाहातून २.१८. उत्तर कर्नाटकातील शहरांना पिण्याचे पाणी हवे, ही त्यामागची गरज खरी आहे आणि बेळगाव-धारवाडकडील मराठी-कन्नड वाचकाला ती सांगावी लागत नाही. मात्र टीएमसीचे आकडे वर्षभराच्या बेरजेचे असतात आणि त्या बेरजेतला फार मोठा भाग पावसाळ्याचा असतो. नदी जगते ती उरलेल्या आठ महिन्यांच्या बारीक धारेवर. पाणी वळवण्याच्या चर्चेत वर्षाचा आकडा वारंवार येतो. हिवाळ्यातील आणि उन्हाळ्यातील प्रवाहाचा आकडा त्यामानाने फारच कमी ऐकू येतो. निवाड्याविरुद्ध संबंधित राज्ये सर्वोच्च न्यायालयात गेली आहेत. तेथील युक्तिवाद काहीही असोत, जानेवारीतील एका दिवशी घोट्यापर्यंत पाण्यात उभे राहिलेल्या माणसाला ३.९ हा आकडा मोठा की लहान, हे विचारण्याची योग्य जागा कोणती ते कळते.

सावधगिरी

हिवाळ्यातील नदी शांत दिसते म्हणून फसवते. गोव्यात नद्या-कोंडांत बुडून मरणाऱ्यांत सहलीला आलेल्या तरुणांचे प्रमाण मोठे असते आणि त्या बातम्यांचा क्रम ठरलेला असतो : मित्रांचा गट, दुपारचे जेवण, अनेकदा मद्य, मग एकाने मारलेली उडी आणि त्याला वाचवायला उतरलेला दुसरा. कोंडाच्या काठाचा कातळ सरळ तुटलेला असतो. एका पावलावर गुडघाभर आणि पुढच्या पावलावर दोन पुरुष पाणी. तळाचे पाणी थंड असते, पायात गोळा येतो. ज्या गटात मद्य येणार असेल त्या गटाने नदीची वाट धरू नये, असे येथले जाणकार स्पष्टच सांगतात. पोहणे न येणाऱ्यांनी उतार ओलांडताना हातात काठी धरावी, पाठपिशवीचा कमरेचा पट्टा सोडून ठेवावा आणि दोघा-दोघांनी मिळून तिरके जावे. कुणी बुडत असेल तर पाण्यात उडी टाकण्याऐवजी दोरी, काठी किंवा बंद झाकणाची रिकामी बाटली फेकावी. पंधरा-वीस मीटरची दोरी गटात एकाकडे तरी असावी.

दुसरा धोका अदृश्य आहे. १९५७ साली कर्नाटकातील क्यासनूर जंगलात प्रथम ओळखला गेलेला माकडताप २०१५ च्या सुमारास सत्तरीत पोहोचला. शेजारच्या दोडामार्गातही पुढे त्याचे रुग्ण आढळले. संसर्ग झालेल्या गोचिडीच्या चाव्यातून तो माणसाला होतो आणि त्याचा हंगाम डिसेंबरपासून मेपर्यंत असतो, म्हणजे चालण्याच्या हंगामाशी नेमका जुळणारा. पूर्ण बाह्यांचे कपडे, पायमोजांत खोचलेली विजार, उघड्या कातडीला कीटकरोधक तेल, आणि पालापाचोळ्यात न लोळता कातळावर बसणे, एवढ्याने धोका बराच कमी होतो. वाटेत मेलेले माकड दिसले तर त्याला हात न लावता, जवळ न थांबता जागा लक्षात ठेवून आरोग्य केंद्राला किंवा वन खात्याला कळवावे. घरी परतल्यावर गरम पाण्याने आंघोळ करून कपडे धुवावेत. पुढील आठवड्याभरात अचानक तीव्र ताप व डोकेदुखी आली, तर डॉक्टरांना सत्तरीच्या जंगलात गेल्याचे आवर्जून सांगावे. ते न सांगितल्याने निदानाला उशीर होतो.

गटाची रचनाही विचाराने करावी. पाच ते आठ जण पुरेसे. सर्वांत संथ चालणारा पुढे, वाट जाणणारा त्याच्या बरोबर आणि सर्वांत दमदार माणूस शेवटी. उलट केले की दुपारपर्यंत गटाचे दोन तुकडे होतात आणि मागच्या तुकड्याकडे पाणी नसते. पात्रात बहुतेक ठिकाणी मोबाइलला रेंज मिळत नाही. निघण्याची व पोहोचण्याची वेळ गावात कुणाला तरी सांगून ठेवावी. शिदोरीला भाकरी, सुके, उकडलेली कणगे असे न नासणारे पदार्थ बरे. पात्रात चूल मांडू नये. सुकलेल्या गवताला ठिणगी पुरते.

दुपारी तीननंतर दरीत सावली भरू लागते, वाळूचे पट्टे रुंद होतात आणि काठाला पोफळीच्या बागा दिसायला लागतात. पंपाचा आवाज येऊ लागला की वस्ती जवळ आली असे समजावे. सोनाळच्या पुलाखाली गावातली मुले संध्याकाळी गळ टाकून बसलेली असतात. जानेवारीत तिथे तळाचे गोटे मोजता येतात. पुलावर उभे राहून पाहिले की सकाळी ज्या दिशेने गट उतरला, त्या वळणापर्यंतची पाण्याची बारीक रेघ दिसते, आणि मागे डोंगर.